दादाच्या कम्प्युटरमधला आवाज

पाटोद्यात आमचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. ते माझ्या थोरल्या भावानं, दादानं, काढलं. पुढं साखरेच्या आजारानं त्याची नजर गेली, तरी दुकान तोच चालवायचा. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक मराठी आवाज त्याच्या कम्प्युटरमध्ये होता. पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा. दादा त्याचा वेग एवढा वाढवून ठेवायचा, की मला एक शब्द कळायचा नाही. त्याची बोटं मात्र सरसर चालायची. मी फक्त लोकांची कागदपत्रं वाचून सांगायची.

यंदा सरकारी साइट आमच्या जुन्या ब्राउझरमध्ये उघडेना आणि नवा ब्राउझर जुन्या सिस्टिमवर चढेना. म्हणून आम्ही सिस्टिम अपग्रेड केली. अपग्रेड झालं, पण डिस्क गच्च भरली. नव्या सिस्टिमला नको असलेली जुनी पॅकेजेस, म्हणजे आधीच्या प्रोग्रॅमचे गठ्ठे, तशीच पडून होती.

ती कशी काढायची हे दादानंच मला शिकवलेलं. आधी फायलींची कॉपी पेनड्राइव्हवर घ्यायची. मग खरोखर काही न काढता नुसती रंगीत तालीम करायची, काय काय जाणार ते बघायचं आणि मगच हो म्हणायचं. अपग्रेडनंतर आवाज अजून चालू केला नव्हता, म्हणून मी एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले. दादा मान हलवत होता. जुने कर्नल, म्हणजे सिस्टिमचे आधीचे गाभे, आले तेव्हा म्हणाला, "आत्ता चालू हाय तो सोड, बाकीचे जाऊ दे."

पुढच्या नावावर मी थांबले.

"कावून थांबलीस गं?"

"दादा, तुझा आवाज पण ह्यात हाय."

"त्याला राखून ठेव. बाकीचं काढ."

मी तेवढा राखून ठेवला. बाकीचं सगळं सुरळीत निघालं, डिस्क मोकळी झाली. पण आवाज काही बोलेना. तो ज्या जुन्या लायब्ररीवर, म्हणजे आतल्या मदतीच्या फायलींवर, चालायचा, ती नव्या सिस्टिमला चालत नव्हती, आणि ती ठेवली की पुढचे अपडेट अडायचे. मी जमेल ते सगळं करून पाहिलं. आवाज बनवणाऱ्यांना मेल केला, तर तो पत्ताच बंद पडलेला. मागं जुन्या सिस्टिमवर जावं, तर साइट उघडत नव्हती.

शेवटी नवा आवाज बसवला. तो मराठी हिंदीसारखं वाचायचा आणि 'ळ'चा 'ल' करायचा. दादा प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा ऐकायचा, कपाळाला घाम यायचा. मग एका बाईंचा अर्ज आडनाव चुकलं म्हणून परत आला. बाई दादाकडं बघत नुसत्या उभ्या राहिल्या. त्यानं ते कसं ओळखलं कोण जाणे. कीबोर्ड माझ्याकडं सरकवला.

"तो जुना काढून टाक आता. उगं जागा कावून अडवायची?"

मी पुन्हा तालीम केली. जुना आवाज आणि त्याची लायब्ररी, एवढंच जाणार होतं. दुसऱ्या कशाला धक्का नव्हता. मी हो म्हणाले आणि ते क्षणात निघून गेलं.

दादा त्यानंतर दुकानात आला नाही. घरी भिंतीकडं तोंड करून पडून असतो. परवा मी म्हणाले, "आणखी एक आवाज निघालाय म्हणं, बघू का बसवून?"

"न्हाई गं," तो म्हणाला. "लई झालं."

मी दुकान उघडते. अर्ज आता मीच भरते.