जड लाकडाची बाकं

फोन दुपारी आला. नांदेडला उन्हं उतरायची होती, मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसले होते. लातूरहून मामेभाऊ एवढंच म्हणाला, "ताई, अप्पा गेले." पुस्तक बराच वेळ मांडीवर तसंच उघडं राहिलं... आता महिना झाला. अप्पा, म्हणजे माझे वैजनाथमामा, डोळ्यांसमोर येतात ते बसलेलेच, कुठेतरी लांब पाहत असलेले.

लातूरच्या औसा रोडला त्यांचा बैलगाड्यांचा कारखाना होता. मी शाळकरी वयापासून त्यांच्याकडेच वाढले. चाकाला लोखंडी धाव चढवायची असली की सण असल्यासारखं वाटे. आमचे लोहार रहीमचाचा ते कडं जाळात लाल करायचे, लाकडी चाकावर बसवायचे, मग चौघं बादल्या ओतायचे आणि वाफेत सगळी माणसं क्षणभर नाहीशी व्हायची. दुष्काळात एकदा ती वाफ विरली, तेव्हा कुंपणाबाहेर बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. मामांनी त्याच दिवशी भट्टी विझवली. पाऊस पुढे आला, पण तोवर कितीतरी दावणी रिकाम्या झाल्या होत्या, आणि मागून टायरच्या गाड्या आल्या. वीस माणसांतली आठ उरली.

मग लातूर जिल्हा झाला. भाड्याच्या इमारतींना चुना लागला, कचेऱ्यांच्या पाट्या चढल्या. मी तेव्हा वाचनालयात नोकरीला होते आणि मामांची पत्रं लिहून द्यायचे. माझ्याच अक्षरातल्या अर्जावर एका कचेरीनं चाळीस खुर्च्या सांगितल्या. आमच्या माणसांनी जन्मभर गाड्या केलेल्या; त्यांनी खुर्च्याही तशाच केल्या. बाभळीच्या, जाड पायांच्या, सांध्यांना लोखंडी पट्ट्या. शिपायानं एक ओढून पाहिली. हलेना. "अप्पा, हिला बैल कुठून जुपायचे?" सगळी कचेरी हसली. खुर्च्या परत आल्या.

घरातले म्हणू लागले, माणसं काढा, जागा विका. रहीमचाचांनी स्वतःच विषय काढला. "मालक, आमाला सोडा. तुमी तरी तगा."

मामा म्हणाले, "चाचा, मला अजून वाट दिसंना झालीय. दिसल्याबिगर कुणाला सोडायचं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ते डबा घेऊन त्याच कचेरीत जायला लागले. साहेबांच्या विनवण्या करत असतील, असं मला वाटलं आणि लाजही वाटली. एक दिवस वाट वाकडी करून गेले, तर मामा व्हरांड्यात भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले.

"मामा, काय करायलाव इथं?"

"बसायलोय."

असे सहा दिवस. सातव्या दिवशी कारखान्यात आले आणि बोलू लागले तेव्हा आवाज अगदी हलका झाला होता. "चाचा, साहेबाला बसायची सोय हाय. निलंग्याहून यष्टीनं माणूस येतंय आन् दिवसभर उभं राहतंय. म्हाताऱ्या पायरीवर टेकल्या की शिपाई उठवतोय. आपल्याला हलकं करता येत न्हाई, तर मग हलू नये असंच काहीतरी करू. बाकं करू."

"आन् ती बी परत पाठवली तर?"

"आदी उचलून तर दाखवू द्या की!"

परत आलेल्या खुर्च्या मोडून बाकं झाली. पहिली दोन मामा कुणाला न विचारता त्या व्हरांड्यात ठेवून आले. महिन्याभरात शेजारच्या कचेरीनं मागितली, मग शाळांनी, दवाखान्यानं. आठांतला एकही माणूस घरी बसला नाही. मामांना नेहमीच दिसलं असं नव्हे... प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या तेव्हा ते पुष्कळ दिवस बसून राहिले, काहीच सुचलं नाही, कारखाना मिटला. पण तोवर ती आठही जणं म्हातारी होऊन, आपापल्या वेळेला, हातातलं काम ठेवून गेली होती.

परवा मामांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मामेभावाबरोबर लातूरच्या एका कचेरीत गेले. व्हरांड्यात त्यांतलंच एक बाक होतं, कितीदा तरी रंगवलेलं. एक म्हातारी सरकली. "बस की बाई, लई जागा हाय." मी बसले. लाकूड गार होतं. थोड्या वेळानं म्हातारीचा डोळा लागला, डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर आलं. मामेभाऊ दाखला घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "चल ताई, झालं काम." मी त्याला हातानंच थांब म्हटलं.