राखीव गाठ

ज्या माणसानं सगळी हयात बसून काढली, त्यानं म्हातारपणी पोरांना चालायला लावावं, याला काय म्हणायचं? पण ड्रायव्हरआजोबांच्या बाबतीत झालं ते असं. शहरातली बस चालवण्यात त्यांचा जन्म गेला. घरून डेपोपर्यंत जायचं तरी ते दुसऱ्याच्या बसमध्ये बसून जात. निवृत्त झाले तेव्हा पोट स्टिअरिंगला टेकत होतं आणि रक्तात साखर अशी वाढली होती, की डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहायच्या आधी त्यांच्या चपलांकडे बोट दाखवलं.

"रोज चालायचं," त्या म्हणाल्या.

"कुठे?" आजोबांनी विचारलं. गाडी सुटायची तर ती कुठेतरी पोचायला हवी, एवढं त्यांना कळत होतं. उगाच बागेला फेऱ्या मारणं त्यांना पटेना.

घरात तेव्हा एकच प्रवासी होता, त्यांची नात. लेक आणि जावई सकाळीच कामाला जात, नात आजोबांपाशी. एका जागी म्हणून ठरायची नाही, तेव्हा तिला सगळे भिंगरीच म्हणत. खाण्याच्या नावानं मात्र आनंद होता. दुधाचा पेला पुढे आला की हिचं पोट दुखायला लागे, आणि डबा जसा जाई तसा परत येई. आजोबांनी शाळेची व्हॅन बंद केली, तिचं बोट धरलं आणि पायी निघाले. वाटेत भिंतीवरची मांजर बघून झाली, पाण्याच्या डबक्यांवरून उड्या मारून झाल्या, आणि शाळेच्या फाटकाशी येईतो पोरीच्या पोटात कावळे ओरडू लागले. पहिली घंटा व्हायच्या आत डबा फस्त. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात, ते काही उगाच नाही.

हे बघून शेजारचा बारक्या आला, मग समोरच्या जुळ्या आल्या, आणि बघता बघता गाडी भरली. शाळेत दुपारचं जेवण शिजत असे. चालत येणारी पोरं ताटातली भाजी बाजूला सारत नाहीत आणि मैदानावरही आधी तीच पळत सुटतात, हे मुख्याध्यापकबाईंनी हेरलं होतं. त्यांनी खूश होऊन आजोबांना एक शिट्टी दिली. पोरांनी धरून चालायचा दोर मात्र आजोबांनी स्वतः आणला. चांगला जाडजूड, सुती, थोड्या थोड्या अंतरावर एकेक गाठ मारलेली. एका पोराला एक गाठ, आणि शाळा येईपर्यंत ती सोडायची नाही. दोराचं पुढचं टोक आजोबांच्या हातात, मागचं शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंच्या, कारण त्यांना तसंही त्याच वाटेनं कामावर जायचं असे. त्या झाल्या कंडक्टर. त्यांनी तोंडानं "टिंग टिंग" केलं की गाडी सुटे. आजोबांच्या पाठीमागची पहिली गाठ अर्थातच भिंगरीची.

बसमधला एक नियम आजोबा अजूनही सांगत. रिकाम्या सीटवर पिशवी ठेवून जागा अडवणाऱ्या लोकांवर त्यांचा जुना राग. ते भर रस्त्यात गाडी थांबवून सांगत, "पिशवी बसली आहे आणि माणूस उभा आहे, तोवर ही गाडी हलणार नाही." ही गोष्ट त्यांनी भिंगरीला इतक्यांदा सांगितली होती, की तिला ती तोंडपाठ होती.

मग जावयाला साता समुद्रापार नोकरी लागली. चांगली लागली, नाही म्हणायला जागा नव्हती. निघायच्या दिवशी भिंगरीनं पहिल्या गाठीवर हात ठेवून बजावलं, "आजोबा, ही माझी. कुणाला द्यायची नाही. मी येणार आहे."

आजोबांनी शब्द दिला.

दर रविवारी फोन येई. इकडचं तिकडचं बोलून झालं की ती विचारी, "आजोबा, माझी जागा आहे ना?" आणि आजोबा कंडक्टरच्या थाटात म्हणत, "राखीव आहे." तेवढ्या एका प्रश्नावर त्यांचा आठवडा निघे. घर आता खायला उठत होतं. सकाळी सवयीनं ते दोन पेले काढत आणि एक परत ठेवत. तिची आठवण कुठेही येई, पण सगळ्यात जास्त हातात येई. मागे पोरांच्या हातांनी दोर ताठ राही, आणि आजोबांच्या पाठीशी तेवढा एक तुकडा सैल, लोंबता राही. मागे न बघताही त्यांना तो कळे.

वर्षं गेली. जुनी पोरं मोठी होऊन उतरली, नवी चढली. बाकीच्या गाठी घामट हातांनी काळ्या झाल्या, पहिली तेवढी पांढरी राहिली.

अशात गल्लीत एक शिवणकाम करणारी बाई राहायला आली. तिची मुलगी काडीसारखी, बोलेना, खाईना. "तुमच्या गाडीत घ्या हिला," आई म्हणाली. आता तुम्ही म्हणाल, दोर लांबवावा, घोडं अडलं कुठे? घोडं चौकात अडलं होतं. रस्ता अर्धा ओलांडला की मधल्या ओट्यावर थांबावं लागे, आणि त्या ओट्यावर गाडी जेमतेम मावे. दोर वाढवला असता तर शेवटचं पोर रस्त्यातच उभं राहिलं असतं. मग ती पोर आजोबांच्या सदऱ्याचं टोक धरून चालू लागली. पोरांनी तिचं नाव ठेवलं शेपटी.

शेपटी हळूहळू खाऊ लागली होती. गाजराचा तुकडा स्वतःहून उचलला, हे स्वयंपाकीणबाईंनी लग्नाची बातमी द्यावी तसं सांगितलं. आणि मग एके दिवशी सदऱ्याचं टोक तिच्या हातातून निसटलं. फूटपाथच्या कडेला ती आपटली, गुडघा चांगलाच फुटला. आईनं दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "राहू दे आजोबा, मी स्कूटरवर सोडत जाईन."

थोड्या दिवसांनी स्वयंपाकीणबाईंनी गाडी सुटायच्या आधी पुढे येऊन विषय काढला. "शेपटीचं ताट पुन्हा जसंच्या तसं परत येतंय. दोन घास चिवडते आणि सरकवते. खेळाच्या तासाला भिंतीला टेकून बसते."

आजोबा दोराचा गुंता सोडवत राहिले.

"पुढची गाठ मोकळीच आहे, ड्रायव्हरसाहेब."

"मोकळी नाही. भिंगरी यायची आहे. तिकडे सुट्टी लागतेय. ती येऊन जाऊ दे, मग बघू."

"सुंभ जळेल, पण तुमचा पीळ जायचा नाही," बाई म्हणाल्या आणि मागे जाऊन त्यांनी आपलं टोक धरलं.

भिंगरी खरंच आली. आदल्या दिवशी आजोबांनी दोर धुऊन वाळवला होता. सकाळी ती आपल्या जागेवर उभी राहिली, आणि आजोबांना पहिल्यांदा दिसलं ते तिचं वाकणं. दोर होता लहान पोरांच्या हाताच्या उंचीचा. ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत वाकून, हसत, गाठ धरून चालली. मागचा पोरगा तिच्या टाचेवर पाय देत होता. पुढे केव्हातरी दोर आजोबांच्या हातात सैल झाला. ते वळले नाहीत. मागून तिचा आणि स्वयंपाकीणबाईंचा हसण्याचा आवाज येत होता. एवढी वर्षं डोळ्यांत प्राण आणून जिची वाट बघितली ती आली होती, आणि तिची जागा तशीच रिकामी होती.

चौकातल्या ओट्यावर गाडी थांबली. शेजारी सिग्नलला स्कूटर उभी होती, मागे शेपटी. ती दोराकडे बघत होती.

"ही कोण?" भिंगरीनं विचारलं.

"आपल्यातलीच आहे," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या आणि आजोबांकडे बघत राहिल्या.

"मग आपल्याबरोबर का नाही?"

"जागा नाही," आजोबा म्हणाले.

भिंगरीनं पांढऱ्या गाठीकडे बघितलं, मग आजोबांकडे. तिच्या आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. "आजोबा, पिशवी बसली आहे आणि माणूस उभा आहे."

सिग्नल सुटला, स्कूटर पुढे गेली.

भिंगरी परत गेली त्या संध्याकाळी ते शिवणकामवालीच्या दारात जाऊन उभे राहिले. "उद्यापासून पाठवा. गाठ मिळाली आहे," एवढंच म्हणाले आणि चहालासुद्धा थांबले नाहीत.

रविवारी फोन आला. उत्तर त्यांनी मनाशी घोकून ठेवलं होतं: दिली गं तुझी जागा, तूच सांगितलंस ना. भिंगरी पोहण्याच्या वर्गाबद्दल बोलली, नव्या मैत्रिणीबद्दल बोलली, तिकडच्या थंडीबद्दल बोलली. आजोबा हूं हूं करत वाट बघत होते. "बरं, ठेवते हं आजोबा," ती म्हणाली. जागेचं तिनं विचारलं नाही. फोन बंद झाला तरी तो त्यांनी बराच वेळ कानाला धरून ठेवला.

सोमवारी चौकातल्या ओट्यावर गाडी थांबली आणि आजोबांचं लक्ष उडालं. याच ओट्यावर भिंगरी एका पायावर उड्या मारायची, आणि मनातून तिचा हात अजून सोडवत नव्हता. समोरच्या सिग्नलवर हिरवा माणूस लागला. मागून बाईंनी टिंग टिंग केलं. आजोबा जागचे हलले नाहीत. बाईंनी पुन्हा घंटा दिली.

तेवढ्यात पाठीशी दोर ओढला गेला. शेपटीनं दोन्ही हातांनी गाठ धरली होती.

"आजोबा, चला ना," ती म्हणाली. "मला भूक लागली आहे."

आजोबांनी बाहीनं डोळे पुसले आणि गाडी सोडली.