गुडघाभर पाण्यातले शार्क

सोलापुरात माझा फोटोचा स्टुडिओ होता. गेलेल्या माणसाचा फोटो काढायला लोक मला घरी बोलवत. बायको तापाने गेली तेव्हा तिचाही मीच काढला. खिडकी उघडायला लावली, रडणाऱ्या बायकांना उजेडातून बाजूला व्हायला सांगितलं. पुढचे दोन महिने मी जेवत होतो, गिऱ्हाइकांना ‘हलू नका’ म्हणत होतो, आणि मला काहीच वाटत नव्हतं.

थोरला भाऊ अस्थी घेऊन मला रामेश्वरला घेऊन गेला. सवयीने मी घडीचा कॅमेरा आणि फोटो उमटवायच्या सहा काचा भरून घेतल्या. अस्थी सोडताना दादाच रडला. मी पाण्यावरचा उजेड बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका होडीवाल्याने आम्हाला जवळच्या वाळूच्या बेटावर नेलं. भोवती गुडघाभर, नितळ पाणी. पुढे पोवळ्यांचे खडक. होडीवाला एकदम ओरडला, “सुरा! सुरा!” मला वाटलं, चाकू मागतोय. त्याने पाण्याकडे बोट दाखवलं. हातभर लांबीचे चार-पाच शार्क, त्याच्या तमिळमधले ‘सुरा’, वाळूवरून सरकत होते. पाठीवरच्या परांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी.

मी कॅमेरा घेऊन पाण्यात उतरलो. आमच्या पेठेतल्या विणकरांमुळे मला तेलुगू यायचं, होडीवाल्यालाही थोडं यायचं. “हलू नका,” तो म्हणाला. “ते लांबूनच जातात.”

“बाहेर ये की!” दादा काठावरून ओरडत होता. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

मी शटर दाबत राहिलो. काच बदलायची, थांबायचं, दाबायचं. पाचव्या काचेला एक शार्क पायाला घासून गेला. काचकागद फिरवावा तसं वाटलं. घोट्यातून थोडं रक्त आलं, ते मी बघितलं, आणि सहावी काच चढवली.

बाहेर आलो तेव्हा दादाने धोतराच्या सोग्याने माझा पाय पुसला. “तुला मरायचंय का?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. ते खरंच होतं.

तो तिथेच वाळूत बसला. “दोन महिने झाले, तुझ्या दारापाशी अंथरूण टाकतोय मी. तुझ्या वहिनीने विहिरीचा दोर काढून ठेवलाय. तुला कळलंही नसेल.”

मला कळलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसलो.

सोलापूरला येऊन काचा धुतल्या, फोटो छापले. पाच नुसते चकाकीने पांढरे. एकात मासा आणि वाळूवरची त्याची सावली स्पष्ट आली होती. तो मी दर्शनी कपाटात लावला. वळसंगहून फोटो काढायला आलेला एक जण त्या फोटोपुढे उभा राहिला.

“ह्यो मासा लई चावतो व्हय?”

“नाही,” मी म्हणालो. “नुसता घासून जातो.”

“तुमी तितं पाण्यात हुबं ऱ्हायलावता? भ्या न्हाई वाटलं?”

“मला नाही,” मी म्हणालो. “माझ्या भावाला वाटलं.” आणि त्याला खुर्चीवर बसवलं.