थंड खोलीतला गायक

माझ्या आवडत्या गायकाने बँड सोडला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरी त्याचे परिणाम आमचं घर अजून भोगतं आहे.

बँड सोडल्यावरची त्याची पहिली, एकट्याची रेकॉर्ड मी कुठून कुठून शोधून मिळवली होती. (बायको म्हणते, मुलगी बघतानाही मी इतका फिरलो नव्हतो.) पण आमचं जळगावचं घर थेट गच्चीखाली. मे महिन्यात तिथे माणूस वाकतो, रेकॉर्डचं काय! म्हणून मी ती रावेरला थोरल्या भावाच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवली, केळीच्याच खोक्यात. खोक्यावर नाव टाकायचं तेवढं राहिलं.

एकदा भर उन्हाळ्यात बघायला गेलो, तर खोली रिकामी!

"भाऊ, इथले खोके?"

"भरले गाडीत. आत्ताच निंघाली दिल्लीले."

"त्यात माझी रेकॉर्ड आहे!"

"मले काय मालूम भो? खोक्यात केळीच असते!"

भावाला मागे बसवून मोटारसायकल हाणली. भर दुपार, डोळ्यांपुढे अंधारी, आणि दिल्लीत कुणीतरी माझ्या गायकाला केळ्यांबरोबर डझनाच्या भावाने विकतोय असं दिसायला लागलेलं. बऱ्हाणपूरच्या रस्त्यावर पेट्रोल पंपापाशी गाडी गाठली.

"दरवाजा मत खोलो! ठंडक निकल जाएगी!" ड्रायव्हर ओरडला.

ऐकतो कोण! खोका काढला, केळी. दुसरा काढला, केळी! पंपावर खोक्यांचा ढीग लागला, ड्रायव्हर शिव्यांवर आला, भाऊ त्याचे हात धरून उभा. मी रडायच्या बेतात. आणि अगदी तळाच्या खोक्यात लांब केसांचा तो चेहरा! मी सगळ्यांदेखत त्याचा मुका घेतला.

मग रेकॉर्ड मोटारसायकलच्या सीटवर अलगद ठेवली आणि सगळे खोके पुन्हा गाडीत चढवले (त्याशिवाय ड्रायव्हर सोडेना). घामाघूम होऊन मोटारसायकलपाशी परत आलो, कव्हरमधून रेकॉर्ड बाहेर काढली. आमटी वाढता येईल इतकी खोलगट!

भावाने ती हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"गाडी थंडी होती ना भो. दिल्लीपर्यंत जशीच्या तशी गेली असती. तिथून मागवून घेतली असती."

तेव्हापासून पारा चढला की त्याचा रावेरहून न चुकता फोन येतो, "खोलीत जागा हाये. तुह्यं डोकं आणून ठेव."