कावळ्याला दिलेला शब्द

जुलै १९९७, रविवार. हजर: मी, माझा धाकटा भाऊ, त्याची डॅनिश बायको, त्यांच्या दोन मुली, एक शाळेत जाणारी आणि एक अजून न जाणारी. गैरहजर: आई, सुरतेला, डिंडोलीच्या घरी. ठिकाण: डेन्मार्कचा पश्चिम किनारा.

डबे मी भरले. भावाच्या घरात मला काम मागून घ्यावं लागत होतं. मेथीचे थेपले, लोणचं, भावजयीने कापलेला काळा पाव, चीज, मुलींसाठी दोन-दोन स्वेटर. उन्हाळा होता म्हणे. मी साडीवर भावाचं जाकीट घातलं होतं, पायात मोजे होते.

मी तिथे फिरायला गेले नव्हते. बाबा मार्चमध्ये गेले. दहाव्याला तापीच्या घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. कावळे भिंतीवर बसलेले, पण खाली एकही उतरेना. मग सुरू झालं. कोणी हात जोडून म्हणालं, आईला सांभाळू. कोणी म्हणालं, गच्चीची गळती पावसाआधी दुरुस्त करू. तरी काही नाही. शेवटी चुलतभाऊ पुढे झाला. "काका, धाकट्याला मी घरी आणतो, आता सुखाने जा." कावळा उतरला. आई तिथेच खाली बसली.

घरी आल्यावर चुलतभाऊ मला म्हणाला, "ताई, तू बँकेतली. पासपोर्ट, व्हिसा हे तुलाच कळतं." शब्द त्याने दिला, काम माझ्याकडे आलं. मी अर्ज केला, रजा टाकली, आईची औषधं लावून दिली आणि निघाले. या सगळ्यात मी रडले नव्हते. रडू येईल असं मला वाटत होतं, त्यासाठी पर्समध्ये रुमालही जास्तीचे ठेवले होते.

किनारा रुंद होता. वाळू पांढरी आणि बारीक, सुरतेजवळच्या डुमसच्या काळ्या वाळूची सवय असलेल्या डोळ्यांना पिठासारखी दिसणारी. लोक गाड्या थेट वाळूवर आणत होते. भावाने वाऱ्याला आडोसा म्हणून चार खुंट्या ठोकल्या आणि त्यांना निळं कापड ताणून बांधलं. मी बोट ओलं करून कापडाच्या कडेला घासलं, रंग पक्का आहे का बघायला. बाबा पांडेसऱ्याच्या, कापड रंगवायच्या प्रोसेसिंग मिलमध्ये आयुष्यभर होते. आमच्या घरात कुठलंही कापड आलं की आधी हे. वर पाहिलं तर भाऊ दुसऱ्या टोकाला तेच करत होता. त्याने बोट पँटला पुसलं.

"कच्चा आहे," तो म्हणाला.

"कच्चाच," मी म्हणाले.

जेवण काढलं. धाकटी थेपला हातात धरून उभी होती, तेवढ्यात एक पांढरा पक्षी वरून आला आणि थेपला घेऊन गेला. ती किंचाळली, मग हसायलाच लागली. आणखी दोन पक्षी वाळूवर उतरले आणि आमच्या डब्याकडे तोंड करून उभे राहिले.

"बघ ताई," भाऊ म्हणाला, "ह्यांना काही कबूल करावं लागत नाही."

घाटावरचं सगळं मी त्याला आल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यावर आठवडाभर तो काहीच बोलला नव्हता. म्हणजे विषय त्याने काढला. मी डब्याचं झाकण लावलं.

"मग? येतोस ना?"

"लोक पिंडाजवळ उभे होते का लांब?"

"आधी जवळ होते."

"आणि चुलतभाऊ बोलला तेव्हा?"

मी आठवलं. खोटं सांगायचं काही कारण नव्हतं. "त्याच्या जरा आधी गुरुजींनी सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं होतं. गर्दी करू नका म्हणाले."

"मग थयुं, झालं तर. माणसं हटली, कावळा आला." त्याचं मराठी असंच राहिलं होतं, शाळेतल्या गुजरातीसकट.

"असेल. आईला तसं वाटत नाही."

भावजय आमच्याकडे बघत होती. तिला काय चाललंय ते कळलं असावं. तिने मुलींना उठवलं आणि पाण्याकडे नेलं.

भाऊ वाळूकडे बघत बोलला. "लग्नाचं कळवलं तेव्हा बाबा फोनवर काय म्हणाले, तुला माहीत आहे. या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. नंतर मी किती फोन केले. रिसीव्हर आईकडे द्यायचे. थोरली झाली तेव्हासुद्धा. जिवंतपणी एक शब्द नाही, आणि आता कावळ्याकडून निरोप?"

"आई आहे अजून."

"आईला मी तिकीट पाठवतो. तिने इथे यावं."

"तिला जिना चढवत नाही, विमानात कशी चढेल?"

"मग तूच सांग तिला. मी नाही येणार, ताई. त्या घरात नाही. जवा दे ने आता."

माझ्याकडे मुद्दे होते. मी ते विमानातच ठरवून ठेवले होते: आईचं वय, लोक काय म्हणतील, मुलींना घर दाखवणं. एकही बोलावासा वाटला नाही. मी मोजे काढले आणि पाण्यापर्यंत गेले. पाणी इतकं गार होतं की थोड्या वेळाने पायाला काहीच लागेना. थोरलीने माझा हात धरला आणि तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. मी हो म्हणाले. तिने मला गुडघ्यापर्यंत आत ओढलं. साडी भिजली. मी साडीकडे बघत उभी राहिले, पिळायला हवी असं वाटलं, पण पिळली नाही.

संध्याकाळी घरी परतलो. डबे मी धुतले.

सुरतेला पोचले तेव्हा आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. "कवय यी तो?" बॅग खाली ठेवायच्या आधीच तिने तिच्या अहिराणीत विचारलं, कधी येईल तो. मी म्हणाले, हातपाय धुऊन येते. मग फोटो काढून दिले. ती मुलींचे फोटो बघत बसली, शेजारणींना बोलावून दाखवले, आणि मला तेव्हा पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर तिने पोटमाळ्यावरच्या गाद्या उन्हात टाकायला लावल्या. दिवाळीआधी आतल्या खोलीला चुना मारून घेतला. मुलींना इथलं पाणी बाधेल म्हणून फिल्टर कुठला घ्यावा, हे ती अधूनमधून मला विचारते. मी कंपन्यांची नावं सांगते.

तो येणार नाही, हे तिला सांगायचं राहिलं आहे.