टेलरमावशी रक्त काढायला शिकतात

बावीस वर्षं शिलाई मशीन चालवलेल्या बाईला सुईचं काय शिकवणार, असं टेलरमावशींना पहिल्या दिवशी अगदी मनापासून वाटलं होतं. तयार कपड्यांनी गिऱ्हाईक पळवलं, मशीनवर धूळ बसली, तेव्हा वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी रक्त काढण्याच्या कोर्सला नाव घातलं. वर्गातली बाकीची पोरं विशीतली. त्यांनी पहिल्याच तासाला बाईंना ‘टेलरमावशी’ करून टाकलं.

सरावाच्या रबरी हातात मावशींनी पहिली सुई खुपसली, ती शिरेच्या एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. शिकवणाऱ्या सरांनी ती अलगद मागे ओढली.

“मावशी, टाका नाही घालायचा. आत जाऊन थांबायचं.”

थांबायची मावशींना सवयच नव्हती. महिनाभर त्यांनी त्या बिचाऱ्या हाताची चाळण केली. मग एकमेकांचं रक्त काढायची पाळी आली, तर त्यांच्या वाट्याला आलेल्या मुलीच्या पोटात नेमकं तेव्हाच दुखू लागलं. घरी मावशी हे सगळं मीठमसाला लावून स्वतःच सांगत. दुसरं कोणी हसण्याआधी आपणच हसून घेतलेलं बरं, असं त्यांचं मत.

पण हसता हसता हात बसला. शीर डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधायची, हे डोक्यात शिरलं आणि मावशींची गाडी रुळावर आली. कापडाचा पोत चाचपण्यात जन्म गेलेला. बोट बरोबर जागेवर जाई. पुढच्या रस्त्यावरच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी तर शब्दच दिला. पास झालात तर एक तारखेपासून या, नाहीतर मी दुसरं माणूस घेईन, मला थांबता यायचं नाही. नवरा गेल्यापासून घरात मिळवणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे मावशी. लेकीचं शिक्षण अजून अर्ध्यावर होतं.

परीक्षेला खुर्चीत एक निवृत्त पोस्टमन येऊन बसले. हात काठीसारखा, शिरा म्हणाल तर कुठल्या कुठे दडलेल्या. त्यांनी बाही वर केली आणि भीतीने डोळे घट्ट मिटून घेतले. मावशींनी दंडाला पट्टा बांधला, चाचपून चाचपून एक शीर हुडकली, जागा पुसली आणि खालच्या बाजूने कातडी अंगठ्याने ताणून धरली. आता अंगठा हलला की शीर निसटलीच. उजव्या हातात सिरिंज. सुईचं टोपण काढायला तिसरा हात हवा होता, आणि मावशींकडे तो बावीस वर्षं होताच. निम्मं आयुष्य ओठांत टाचण्या धरून काढलेलं. त्यांनी टोपण दातांत धरून ओढलं.

आणि त्या तिथेच थांबल्या.

सुई तोंडाजवळ गेली की तिथेच नापास, पुन्हा परीक्षा तीन महिन्यांनी, हे सरांनी शंभरदा बजावलं होतं. सुईचं टोक ओठाला लागलं की नाही, मावशींना काही केल्या सांगता येईना. परीक्षक पलीकडे पाठ करून काहीतरी लिहीत होते. कोणी पाहिलं नव्हतं. शीर हाताखाली तशीच होती.

मावशींनी मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या हासडल्या, टोपण तोंडातून काढलं आणि पट्टा सोडला.

“सर, दुसरी सुई द्या. ही मी तोंडाजवळ नेली.”

परीक्षक वळले. “का?”

“शिंपीण आहे,” मावशी म्हणाल्या. परीक्षकांनी त्यांच्या नावापुढे काय लिहायचं ते लिहिलं.

संध्याकाळी लेकीला त्यांनी नेहमीसारखंच रंगवून सांगायला घेतलं. तुझी आई दातांनी रक्त काढते, वगैरे. लेक हसली नाही.

“कोणी बघितलं नव्हतं ना? मग बोललीस कशाला? नोकरी गेली ना, आई.”

मावशींनी आणखी एखादा विनोद शोधून पाहिला. एरवी त्यांना कधी कमी पडत नसत.

“अगं, त्यांनी डोळे मिटून माझ्या हातात हात दिला होता,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.