कानात बसलेला नवरा

घाईताई हे काही तिचं खरं नाव नव्हतं. लॉन्ड्रीत कामाला लागली त्याच आठवड्यात कुणीतरी ते ठेवलं आणि ते असं चिकटलं की मालकीणबाईसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारायला लागल्या. बाई चालायची ते अर्धं पळत, बोलायची ते समोरच्याचं वाक्य मध्येच पुरं करत, आणि चहा निवेपर्यंत थांबणं तिला जन्मात न जमल्यामुळे जीभ कायम पोळलेली.

लॉन्ड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे तिथे गाडीभर येत. वाफेच्या रोलरमधून कपडे गरमागरम बाहेर पडले की घाईताईच्या टेबलावर यायचे. अभ्र्यांच्या जोड्या लावणं हे तिचं काम. सारख्याला सारखा, कडेला कड, आणि गठ्ठा. पांढऱ्या ढिगातून एक जरी अभ्रा किंचित पिवळट निघाला, तरी तो तिला लांबून खुपायचा. जोडी म्हणजे जोडी, यात तिच्याकडे सूट नव्हती.

मागे कपडे वाळवायची अवाढव्य यंत्रं दिवसभर घरघरत असायची. त्या आवाजात गाणं ऐकायचं तर रेडिओ कानाला लावूनही काही कळायचं नाही. हे रडगाणं ती परगावी नोकरी करणाऱ्या लेकीला फोनवर दर खेपेला ऐकवायची. शेवटी लेकीने वैतागून आईच्या वाढदिवसाला एक डबी पाठवली. आत कानात घालायचे नवे इअरफोन, वायरवाले, चांगल्यातले.

"यात दोन-दोन ड्रायव्हर आहेत, आई," लेक कौतुकाने म्हणाली.

"दोन ड्रायव्हर? आणि गाडी कुठाय?"

"अगं, आवाज काढणाऱ्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. नीट बसव कानात, मग बघ मजा."

नीट बसवणं हे घाईताईच्या रक्तातच नव्हतं. तिने डबी फोडली, बोंडं कानात कोंबली आणि गाणं लावलं. पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा चिरका आवाज आला. दोन मिनिटांत उजवं बोंड सटकन निसटलं आणि आमटीत पडलं. तिने ते पुसलं, पुन्हा कोंबलं. वाकली की उजवं पडायचं, जांभई दिली की उजवं पडायचं, शिंकली तेव्हा तर दोन्ही उडाली. लॉन्ड्रीत ते ओल्या टॉवेलांच्या ढिगात गेलं आणि टॉवेल यंत्रात जायच्या आत रोलरवर काम करणाऱ्या मामांनी वायर धरून मासा ओढावा तसं बाहेर काढलं.

"घाईताई, तुमच्या कानात काही ठरत नाही," मामा म्हणाले. "आमचा अनुभव आहे तो."

बायका खो खो हसल्या. घाईताईनेही हसून घेतलं, पण मनातून ती खट्टू झाली. पोरीने एवढं हौसेने पाठवलेलं, आणि हिला माशीची भुणभुण.

रविवारी सकाळी तिने लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन साखरेच्या बरणीला टेकवून उभा केला.

"दाखव बरं कसं घालतेस," लेक म्हणाली.

घाईताईने दाखवलं.

"आई! तो काय खिळा आहे का ठोकायला? आणि डावं उजवीकडे घातलंयस. बारीक अक्षर आहे बघ त्यावर."

"मला वाटलं, कंपनीचा शिक्का असेल."

"हे बघ, वायर कानाच्या मागून वरून घे. आता दुसरा हात डोक्यावरून आण आणि कानाची पाळी वर-मागे ओढ. तोंड उघड. आणि बोंड हळूच फिरवत आत सरकव. हळू! हळू म्हणजे काय माहीत आहे का तुला?"

उजव्या हाताने डावा कान धरून, आ वासून, मान वाकडी करून घाईताई स्वयंपाकघरात उभी होती. लेकीने फोनवर चक्क फोटो काढून घेतला.

"आलं का काही?"

"माशीच आहे अजून. जरा लठ्ठ झालीय, एवढंच."

"मग फट राहतेय. कानात जरा जरी फट राहिली ना, की खालचा भारदस्त आवाज सगळा बाहेर सांडतो. नुसता वरचा चिरका उरतो. डबीत रबरी टोप्या आल्या असतील बघ, लहान-मोठ्या. त्या बदलून बघ."

टोप्या होत्या. घाईताईने त्या तेलाच्या झाकणात जपून ठेवल्या होत्या, बटणं समजून. मग पुढचा अर्धा तास परीक्षा चालली. लहान टोप्या कानात हरवल्या. मधल्या घातल्या तर डावी झकास बसली आणि उजवी घसरली. मोठ्या घातल्या तर उजवी बसली, पण डाव्या कानात इतकं दाटलं की डोळ्यात पाणी आलं.

"मग डावीकडे मधली घाल आणि उजवीकडे मोठी," लेक म्हणाली.

"विजोड?"

"कोण बघायला येतंय कानात!"

"जोडी म्हणजे जोडी. कंपनी काय वेडी आहे, सारख्या दोन-दोन द्यायला?"

"आई, तुझा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा नाहीये का?"

"तो माझा आणि चपलांच्या दुकानदाराचा खासगी मामला आहे," असं म्हणून घाईताईने फोन ठेवला.

पण बसून राहवेना. कुणी बघत नाही ना याची खात्री करून तिने डाव्या बोंडावर मधली टोपी चढवली, उजव्यावर मोठी. पाळी ओढली, तोंड उघडलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच एक गोष्ट सावकाश केली. उजवं बोंड फिरत फिरत आत गेलं आणि गप्प बसलं. त्याबरोबर सगळं घरच गप्प झालं. नळाचं पाणी दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. ती "अगं बाई" म्हणाली आणि तो आवाज बाहेर न जाता डोक्यातच घुमला.

आता लावायचं काय? फोनमध्ये पहिलंच सापडलं ते लेकीने मागे कधीतरी भरून दिलेलं. नवऱ्याच्या जुन्या ऑर्केस्ट्राची कॅसेट.

इथे नवऱ्याबद्दल सांगायला हवं. हा गृहस्थ कुलपं दुरुस्त करतो, किल्ल्या करून देतो, आणि दिवसाकाठी जेवढं बोलतो तेवढं घाईताई चपला घालता घालता बोलून टाकते. पण तरुणपणी तो एका ऑर्केस्ट्रात चार तारांची, खालच्या भारदस्त सुरांची बास गिटार वाजवायचा. लग्न ठरायच्या आधी घाईताईचा दादा मुद्दाम त्यांचा कार्यक्रम बघून आला आणि घरी येऊन म्हणाला, "मुलगा निर्व्यसनी आहे, सरळ आहे, पण स्टेजवर नुसता उभा असतो. बोटं हलवतो, पण आवाज म्हणून काही येत नाही. खांब आहे खांब." तेव्हापासून माहेरी जावयाचं नाव खांब पडलं. ऑर्केस्ट्राने एकदा कॅसेट काढली, ती घरातल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर सगळ्यांनी कान देऊन ऐकली. गायक ऐकू आला, अकॉर्डियन ऐकू आलं, खुळखुळासुद्धा ऐकू आला. खांब काही ऐकू आला नाही. घाईताईने त्या दिवशी नवऱ्याची समजूत घातली होती, "असू द्या हो, उभं राहायलाही माणूस लागतोच." त्याने मान डोलावली होती. पुढे तो विषय निघाला की ती त्याची बाजू घ्यायची, पण तिच्याही मनात खरं तेच होतं.

तिने तिसरं गाणं लावलं. अकॉर्डियन सुरू झालं. गायकाने घसा खाकरला, तोही ऐकू आला. आणि मग गाण्याच्या खालून कुणीतरी चालायला लागलं.

मऊ, जाड, ठाम पावलं. डुंग, डुंग, डु-डुंग. गायक वळला की ती पावलं आधीच वळणावर जाऊन उभी. अकॉर्डियन धापा टाकायला लागलं की खालून कुणीतरी तळहातावर उचलून धरल्यासारखं. घाईताईने फोन उचलून गाण्याचं नाव तपासलं. तिला वाटलं, हे गाणं दुसरंच आहे. मग वाटलं, फोन बिघडला. मग डोक्यात लख्ख उजेड पडला आणि ती वायरीसकट न्हाणीघराकडे धावली.

"अहो! तुम्ही आहात!"

नवरा तोंडाला फेस लावून आरशासमोर उभा होता. "आहे की," तो म्हणाला. "दाढी करतोय."

"तसं नाही! गाण्यात! गाण्यात आहात तुम्ही!"

कानात बोंडं घट्ट बसल्यामुळे आपण केवढ्याने ओरडतोय याचा तिला पत्ता नव्हता. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी "काय झालं हो?" म्हणून विचारलं, तेही तिला ऐकू गेलं नाही.

"सगळ्या गाण्याभर आहात! एक क्षण गप्प नाही! इतकं बोलता तुम्ही?"

नवऱ्याने वस्तरा खाली ठेवला.

"आणि हे काय केलंत? दुसऱ्या कडव्याला खाली यायचं सोडून वर का चढलात?"

त्याने एक बोंड काढण्याची खूण केली. तिने डावं काढलं.

"गायक लवकर घुसला होता," तो म्हणाला. "त्याला परत जागेवर आणायचं होतं. म्हणून चढलो, वरून त्याच्याबरोबर उतरलो."

"म्हणजे तुम्ही नसतात तर गाणं पडलं असतं?"

"पडलं नसतं. अडखळलं असतं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणजे झालं ना काम."

घाईताईने फेसाची पर्वा न करता त्याच्या गालाचा मुका घेतला आणि ओठावर पांढरी मिशी घेऊन दादाला फोन लावला.

"दादा, तू कुठे बसला होतास त्या कार्यक्रमाला?"

"कुठल्या कार्यक्रमाला?"

"माझ्या नवऱ्याला खांब ठरवून आलास त्या!"

दादाने बराच वेळ आठवलं. "गायकाच्या कर्ण्याखाली बसलो होतो," तो म्हणाला. "त्याच्या किंचाळण्यापुढे दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. शेंगदाणे खात होतो. का गं?"

यावर घाईताई जे बोलली ते शेजारच्या खिडकीने पूर्ण ऐकलं.

मग तिने नवऱ्याला खुर्चीत बसवलं. त्याचे कान लहान आणि आतून बरेच केसाळ, त्यामुळे लहान टोप्या लागल्या, दोन्हीकडे सारख्या. तिने त्याची पाळी वर ओढली, "आ करा" म्हणाली, आणि बोंडं इतक्या हलक्या हाताने बसवली की तो म्हणाला, "तब्येत बरी आहे ना तुझी?" स्टुडिओतून बाहेर पडल्यापासून त्याने स्वतःला कधी धड ऐकलं नव्हतं. गाणं सुरू झालं तसा त्याचा डावा हात आपोआप उठला, तिच्या मनगटावर टेकला, आणि बोटं तिच्या हातावर वरखाली चालायला लागली. तिला गाणं ऐकू येत नव्हतं, पण कुठलं कडवं चाललंय ते बोटांवरून कळत होतं. गायक लवकर घुसला ती जागाही कळली. कोपराच्या जरा खाली होती.

"हे रेकॉर्डिंग झालं तेव्हा आपलं नुकतंच ठरलं होतं," गाणं संपल्यावर तो म्हणाला. "हात घामाने नुसते भिजले होते. तारेवरून दोनदा घसरलो."

"कुठे? कुठे घसरलात? दाखवा!"

दोघांनी उरलेली दुपार घसरलेल्या जागा शोधण्यात घालवली. पोळ्या करपल्या, त्या तशाच खाल्ल्या.

सोमवारी घाईताईने इअरफोन लॉन्ड्रीत नेले. सोबत सगळ्या टोप्या आणि पुसायला स्पिरिटचा बोळा. जेवणाच्या सुट्टीत रांगच लागली. ती दवाखान्यातल्या नर्ससारखी प्रत्येकीचा कान उजेडाकडे वळवायची आणि निदान करायची, "तुला मधली. तुला लहान. तुला डावीकडे मोठी, उजवीकडे मधली, लाजू नकोस, सगळ्यांचं असंच असतं." एकेकीचे डोळे मोठे होत गेले. मामांनी ते तिसरं गाणं ऐकलं आणि मग ते बोंडं काढायलाच तयार होईनात.

"हा खालून चालणारा कोण?" मामांनी विचारलं.

"माझा नवरा!" घाईताई इतक्या जोरात म्हणाली की यंत्रांच्या घरघरीवरून ते शेवटच्या टेबलापर्यंत पोचलं.

काय आरडाओरडा चाललाय ते बघायला मालकीणबाई आल्या. घाईताईने त्यांनाही बसवलं, पाळी ओढली, आ करायला लावलं. बाईंनी अख्खं गाणं डोळे मिटून ऐकलं, आणि दुपारच्या चादरी तासभर उशिरा निघाल्या.

लॉन्ड्रीच्या वार्षिक मेळाव्याला दर वर्षी भाषणं व्हायची. त्या वर्षी बायकांनी एकमुखाने सांगितलं की भाषणं नकोत, ऑर्केस्ट्रा बोलवा. जुने चौघे गोळा झाले. गायकाला टक्कल पडलं होतं, अकॉर्डियनवाल्याला सुटलेल्या पोटावर वाद्य टेकवायची आयती सोय झाली होती. घाईताईचा नवरा कडेला आपल्या जागी, भाड्याने आणलेली गिटार गळ्यात घालून उभा राहिला. बायकांनी एकही खुर्ची मध्ये ठेवली नाही. सगळ्या उचलून बासच्या स्पीकरसमोर अर्धगोल मांडल्या. गायक गायला लागला तशी मागून कुणीतरी ओरडलं, "जरा हळू म्हणा हो, आम्हाला ऐकू येत नाहीये!"

गायक बुचकळ्यात पडला आणि त्याने पुढची ओळ लवकर घेतली. बायकांनी एकदम घाईताईकडे बघितलं. नवरा वर चढला, त्याने गायकाला गाठलं, आणि तो त्याच्याबरोबर पायरी पायरीने खाली उतरला. कडवं पूर्ण व्हायच्या आतच लॉन्ड्रीच्या मेळाव्यात कधी पडल्या नसतील एवढ्या टाळ्या पडल्या. आपण नेमकं काय चांगलं गायलो हे गायकाला कळेना, तरी त्याने वाकून नमस्कार केला. नवऱ्याचे कान लाल झाले होते. पुढच्या टेबलावर सरबताचे पेले थरथरत कडेकडे सरकायला लागले, तेव्हा मालकीणबाईंनी दोन्ही हात पसरून ते अडवून धरले आणि म्हणाल्या, "थांबू नका, मी धरलेत!"